बसून निजलेला माणूस

मेलेल्या माणसासाठी आणलेला हार गळ्यात घेऊन मन्मथ जागा झाला. आधी कळला तो झेंडूचा ओला वास, मग मानेला लागलेला गारवा, मग पायांवर टेकलेलं कुणाचं तरी कपाळ. आणि मग त्याच्या घशातून तो नेहमीचा आवाज फुटला, बुडणारा माणूस वर येऊन पहिला श्वास ओढतो तसा. पायाशी वाकलेली बाई किंचाळून मागं पडली. हे लातूरला, औसा रोडवरच्या चुलत्याच्या घरी, भर सकाळी, शंभरएक माणसांच्या देखत. चुलते संगमेश्वरअप्पा आदल्या संध्याकाळी गेले होते. लिंगायताचा देह आडवा ठेवत नाहीत. अप्पांना आंघोळ घालून, कपाळभर विभूती ओढून, तळहातावर इष्टलिंग देऊन हॉलच्या भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं होतं. बसवलेला देह कलतो, म्हणून घरच्या एकानं शेजारी बसून खांद्याला खांदा लावून ठेवायचा, आणि सख्खा पुतण्या म्हणून ते काम मन्मथकडं आलं. नांदेडहून पहाटेच्या एसटीनं आलेला तो. पांढरा सदरा, पांढरं धोतर, त्याच्याही कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, तेच टक्कल, तेच घराण्याचं बाकदार नाक. भजनाच्या टाळात त्याचा डोळा लागला. डोकं भिंतीला, जबडा खाली, आणि श्वास बंद. भालकीहून आलेल्या रत्नम्मा आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं दोघांतला जो जास्त मेलेला दिसला त्याला हार घातला. "अय्यो अण्णा, मला न सांगता गेलास की रे," म्हणून रडली, मग चाचपत त्याच्या तोंडाला हात लावला आणि घरच्यांवर रागावली, "तोंड बांधा की ह्याचं! उघडं कसं ठिवलं?" हे सगळं त्याला नंतर लोकांनी सांगितलं. सांगायची काही गरज नव्हती, पण लोक सांगतात. तो दचकून उठला तेव्हा खांदा सुटला आणि संगमेश्वरअप्पा हळूच कलून जमिनीवर आले. टाळ थांबले. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. आत्या मात्र भिंतीला पाठ लावून बसली. "जित्याला हार घातला म्या," एवढंच बोलत राहिली, आणि माती होऊन सगळे परतले तरी तिनं पाण्याचा घोट घेतला नाही.

परतीच्या एसटीत महादेवी, त्याची बायको, चाकूर गेलं तरी गप्पच होती. मन्मथला वाटलं लाजली असेल; चारचौघांत नवऱ्याचा असा तमाशा झाल्यावर कुठल्या बाईला बरं वाटेल? अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा ती खिडकीकडं बघत म्हणाली, "अडतीस." "काय अडतीस?" "मोजले म्या. बायकांत बसले होते. उठून यावं तर मधी समदे बाप्ये, भजन चालू. अडतीसपतुर तुमचा श्वास न्हवता." एवढं बोलून तिनं पदराचं टोक तोंडाला लावलं. अकरा वर्षं ही बाई असं मोजत आली होती. रात्री त्याच्याकडं तोंड करून कुशीवर निजायची, दोन बोटं त्याच्या पाठीला लावून, पाठ हलायची थांबली की मोजायची, वीस झाले की ढोसायची आणि म्हणायची, "घ्या." बस, एक शब्द. तो श्वास घ्यायचा आणि पुन्हा बुडायचा. सकाळी त्याला यातलं काही आठवत नसे. तिच्या डोळ्यांखाली मात्र काळं जमत गेलं, बीपीची गोळी लागली, लिंगपूजेला बसली की तळहातावर लिंग तसंच आणि मान खाली. दिवाळीच्या आधी चकल्या तळताना उभ्या उभ्या डुलकी लागली आणि कोपरापर्यंत हात भाजला. सुजलेला हात घेऊन ती त्या रात्रीही दोन बोटं लावून जागीच होती, आणि हा मठ्ठ माणूस घोरत पडला होता. तो अलीकडं आडवा होतच नव्हता म्हणा. आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं, म्हणून अकरा महिने तो आरामखुर्चीत बसून निजत होता, आणि ती खुर्चीला खेटून खाली गादी टाकून, वर केलेली दोन बोटं त्याच्या कुशीला लावून. दिवसा नांदेडात वजिराबादच्या साडीच्या दुकानात गिऱ्हाईकापुढं पदर उलगडता उलगडता त्याचं वाक्य अर्ध्यात थांबायचं. "अप्पा, साड्या दाखवायलाव की सपनं बघायलाव?" बायका हसायच्या. तोही हसायचा. हसण्यावारी नेता येतं तोवर माणूस नेतो.

लोहा मागं पडलं तेव्हा त्याला बापाची आठवण आली, आणि नको तेवढी आली. जळकोटजवळच्या गावातलं त्यांचं घर; बापाचं घोरणं चार घरं ओलांडून जायचं, आणि पोरं त्याला गिरणी म्हणायची. शिवलिंगअप्पाची गिरणी बंद पडली, पट्टा तुटला, म्हणून हसायची, कारण ते घोरणं असंच मधेच थांबायचं. एकावन्नाव्या वर्षी एका सकाळी बाप उठलाच नाही. लोक म्हणाले, काय पुण्यवान माणूस, झोपेत गेला, कुणाला त्रास नाही. मन्मथ तेव्हा बारावीत. त्यालाही ते खरं वाटलं होतं, त्या शब्दांचा आधारच वाटला होता. आई शेजारीच निजलेली होती. ती पुढं एकोणीस वर्षं जगली आणि त्या एकोणीस वर्षांत भाकरी थापताना, गहू निवडताना, कुणाशी धड बोलत असताना मधेच थांबून एकच विचारायची, "मला जाग कशी आली न्हाई रं?" कुणाला विचारायची तेही ठरलेलं नव्हतं. मन्मथ वैतागायचा. एकदा तर तो ओरडला होता, "पुरं कर की आता!" आई गप्प झाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आता तो स्वतः एकावन्नचा होता. मरणाची त्याला भीती होती, नाही कशाला म्हणा. पण एसटीच्या त्या खडखडाटात त्याला दिसलं ते मरण नव्हतं, महादेवी होती. म्हातारी झालेली, परातीपुढं बसलेली, मधेच थांबणारी. अकरा वर्षं जागून एखाद्या रात्री तिचा डोळा लागणार, माणूसच आहे ती, आणि नेमकी तीच रात्र असणार. त्यानं तिचा भाजलेला हात हातात घेतला. तिनं घेऊ दिला. एसटीत सगळ्यांसमोर असं त्यानं आयुष्यात केलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात ते नांदेडच्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, घाईत बोलणाऱ्या, पण समोरच्याचं ऐकून घेणाऱ्या. अंगभर तारा चिकटवून एक रात्र निजवलं आणि सकाळी कागद आला: तासाला अठ्ठावन्न वेळा श्वास थांबतो. मन्मथला तो आकडा कळलाच नाही, महादेवीला कळला. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली, "तासात चाळीसदा थांबला की मी पुढं मोजायची सोडून देत होते." आधी मशीन दिलं. नाकातोंडावर मुखवटा, त्यातून हवेचा झोत, आणि तोंड उघडं पडू नये म्हणून हनुवटीखालून डोक्यावर बांधायचा पट्टा. पट्टा बांधून तो आरशासमोर उभा राहिला आणि त्यानं पटकन तोंड फिरवलं. संगमेश्वरअप्पांची हनुवटी अशीच बांधली होती, पांढऱ्या फडक्यानं, टाळूवर गाठ. तोंड बांधा की ह्याचं. तीन दिवस त्यानं दात आवळून मशीन लावलं, चौथ्या दिवशी पट्टा कात्रीनं कापला आणि ते सगळं डब्यात घालून माळ्यावर टाकलं. महादेवी रडली, चिडली, "लेकरासारखं काय करायलाव!" म्हणाली, पुण्याला मुलीला, शिवकन्येला, फोन लावून रागावायला लावलं. तो हटला नाही. आरशात काय दिसलं ते मात्र त्यानं कुणाला सांगितलं नाही; सांगितलं असतं तर तिच्या डोळ्यांनाही ते दिसायला लागलं असतं.

मग डॉक्टरीणबाईंनी झोपेचं औषध टोचून, नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा बघितला आणि त्याची फिल्म त्याला दाखवली. "हे बघा, मन्मथराव. बाकी सगळं ठीक आहे. अडचण इथं आहे, जिभेच्या मुळाशी. आपण बोलतो, चव घेतो ती पुढची जीभ. मागं आणखीही जीभ असते, घशात उतरलेली. तुमची तिथं जाड आहे. झोप लागली की सैल पडते, मागं सरते आणि वाट बंद करते." पडद्यावर लाल, ओलं, मांसाचं काहीतरी होतं. ते हळूहळू मागं यायचं, टेकायचं, आणि मग काहीच हलायचं नाही. आपण आत कसे आहोत ते माणसाला कधी दिसत नसतं ते बरंच आहे. याच जिभेवर त्यानं सत्तावीस वर्षं दुकान चालवलं. नवऱ्या मुलीच्या आईला पटवलं, रुसलेल्या सासूला हसवलं, खोटं तर किती बोलला त्याची गणती नाही, आणि तीच जीभ रोज रात्री मागल्या अंगानं त्याचा गळा धरत होती. त्याला तिची शिसारी आली. तोंडात ती नुसती असण्याचीच जाणीव व्हायला लागली, दातांना लागलेली, टाळूला टेकलेली, आणि दोन दिवस त्याला घास धड गिळता आला नाही. "मुळाकडचा जाड भाग तोंडातूनच थोडा थोडा विरघळवून काढू," बाई म्हणाल्या. "बाहेरून टाका नाही. पण दुखेल. गिळायला त्रास होईल, काही दिवस बोलणं जड होईल, रक्त येण्याचा धोका असतो. आणि पूर्ण बरं होईलच असं मी लिहून देणार नाही." महादेवीनं विचारलं, "न्हाई केलं तर?" बाईंनी अठ्ठावन्नचा कागद तिच्यापुढं सरकवला. मन्मथनं सही केली.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सनं गळ्यातला लिंगाचा चांदीचा करंडा काढायला सांगितला. मशीनच्या करंटला धातू चालत नाही. जन्मल्यापासून लिंग अंगावेगळं झालेलं नव्हतं; मन्मथ तसाच उभा राहिला. महादेवी नर्सशी भांडली नाही, गयावयाही केली नाही. करंडा उघडून लिंग तिनं त्याच्याच तळहातावर ठेवलं, गॉजपट्टी मागून घेतली आणि त्याच्याच हातानं दंडावर बांधून घ्यायला लावलं, गाठ तेवढी तिनं मारली. "आता चालंल ना ओ ताई?" नर्स म्हणाली, चालेल. मग त्याला आडवं केलं. वर्षभरात पहिल्यांदा तो सपाट पाठीवर निजला, आणि वरचा दिवा बघताना त्याला ठाम वाटलं की आता आपण उठत नाही. भीती नव्हती, नुसता एक जडपणा होता. भूल देणाऱ्यानं आकडे मोजायला सांगितले. तो मोजायला लागला आणि सहाव्या आकड्याला त्याच्या ध्यानात आलं की मोजणं म्हणजे काय असतं. ही बाई अकरा वर्षं हेच करत होती आणि पुढचा आकडा नको म्हणून प्रत्येक आकड्याला जीव मुठीत धरत होती.

तो उठला. दोन दिवस घशात नळी, मग नळी निघाली. गिळताना कळ थेट कानात जायची. पेज, ताक, बर्फाचे खडे, एवढ्यावर तीन आठवडे गेले आणि बारा किलो वजन उतरलं. शब्द जिभेखाली गोळा होऊन बाहेर यायचे, लहान पोरांसारखे, म्हणून तो बोलायचाच नाही. दुकानात महादेवी बसायला लागली. तिला साड्यांतलं काही कळत नव्हतं, पण बायकांना तीच आवडली; ती खरं सांगायची, हा रंग तुला शोभत न्हाई ग, म्हणायची. मन्मथ मागं स्टुलावर बसून बघायचा. ही बाई अशी हसते, हे त्याला माहीत नव्हतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली आणि त्यातली निम्मी त्यानं झोपेत काढली, असा हिशेब त्याच्या डोक्यात यायचा आणि कडू वाटायचं. कडू चवच तेवढी राहिली होती, बाकी चवी अजून परतल्या नव्हत्या. रात्री डोकं उंच ठेवून निजायला सांगितलेलं होतं. घोरणं कमी झालं होतं, हे नक्की. महादेवीची दोन बोटं तरीही अंगाला होतीच. "आता निजत जा की," तो कागदावर लिहून द्यायचा. ती वाचायची, घडी घालायची आणि म्हणायची, "कागद येऊ द्या. तीन महिन्यानं तपासणी हाय ना? त्यो कागद येऊ द्या, मग निजते." तिनं स्वतःला तारीखच घालून घेतली होती, आणि त्या तारखेपर्यंत ती कशीबशी पोचत होती. जिना चढताना कठडा धरायला लागली. एकदा दुकानात, गिऱ्हाईक समोर असताना, साडीची घडी छातीशी धरून तीच उभ्या उभ्या निजली. कुणी हसलं नाही. मन्मथनं उठून तिच्या हातातली साडी हळूच काढून घेतली.

तीन महिन्यांनी पुन्हा तारा, पुन्हा रात्र, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला कागद. महादेवी आत आलीच नाही. "तुमीच जा. मला ऐकवत न्हाई," म्हणून बाहेरच्या बाकावर बसली. डॉक्टरीणबाई खूश दिसल्या. "छान! अठ्ठावन्नवरून सत्तावीस. निम्म्याहून खाली आलं. आम्ही याला चांगला निकाल म्हणतो." मन्मथनं विचारलं, बोलणं आता सुधारलं होतं, "म्हणजे अजून थांबतो?" "थांबतो. सत्तावीस म्हणजे कमी नव्हे. मशीन लावावंच लागेल, मन्मथराव, पण आता कमी दाबावर भागेल. नसेलच जमत तर पुढं जबड्याचं ऑपरेशन असतं, हैदराबादला. घाईनं ठरवू नका. पण मशीनशिवाय निजू नका, आणि उताणे तर नाहीच." त्यानं मान हलवली. कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. सत्तावीस वेळा. एवढं कापून, जाळून, महिनाभर मुका राहून, तासाला सत्तावीस वेळा. बाईंचा राग यावा म्हटलं तर त्यांनी काही लपवलं नव्हतं.

महादेवी डोळे मिटून, ओठ हलवत बसली होती. त्याला बघून ती उठली नाही. "सांगा," म्हणाली. त्यानं तोंड उघडलं. सांगायचंच होतं त्याला, शप्पथ, दारातून बाहेर पडेपर्यंत तरी सांगायचंच होतं. पण तिचा चेहरा! एखाद्या माणसाला किती वर्षं झोप मिळाली नाही हे असं उजेडात, समोरून, त्यानं कधी बघितलंच नव्हतं. "निम्म्याच्या खाली आलं," तो म्हणाला, आणि इथपर्यंत ते खरं होतं.

"निम्म्याच्या खाली मंजी?"

"मंजी गेलं म्हण की."

"आन् ते मशीन?"

"न्हाई लागत आता."

ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग अगदी बारीक आवाजात, परवानगी मागावी तसं तिनं विचारलं, "मी निजले तर चालंल?"

"हाव," मन्मथ म्हणाला. "नीज तू."

ती तिथंच, बाकावर, माणसांत, ढसढसा रडली. रिक्षात तिचं डोकं दोनदा त्याच्या खांद्यावर पडलं आणि दोनदा ती दचकून उठली, आणि तिसऱ्यांदा उठली नाही. तरोड्याला घरी पोचल्यावर तिनं धड जेवणही केलं नाही. दोन घास खाल्ले, शिवकन्येला फोन केला, "बरं झालं तुझ्या बापाचं, समदं बरं झालं," म्हणाली, पडदे ओढले आणि पलंगावर दोघांच्या उशा मांडल्या. आरामखुर्ची तिनं स्वतः उचलून गॅलरीत नेऊन ठेवली. "या की," म्हणाली. "किती दिस झाले असं पडून." तो तिच्या शेजारी आडवा झाला. दुपारचे दोन वाजले होते. खाली भंगारवाला ओरडत चालला होता, पडद्याच्या फटीतून उन्हाचा पट्टा कपाटावर पडला होता. ती भिंतीकडं तोंड करून वळली, त्याच्याकडं पाठ करून, आणि मिनिटभरात निजली.

आपली बायको झोपेत कसा श्वास घेते हे मन्मथला एकावन्नाव्या वर्षी कळलं. इतकी वर्षं तोच आधी निजायचा. तिचा श्वास लांब होता, शेवटाला नाकात बारीक शीळ वाजायची, मग थोडा विसावा, मग पुन्हा. पाठ वर यायची, खाली जायची. तो मोजत पडला. तिला उद्या सांगू, त्याला वाटलं. मग वाटलं, उद्या कसं सांगायचं? एक रात्र तरी निजू दे तिला, दोन रात्री निजू दे, आठवडा निजू दे. माळ्यावरून मशीन काढावं तर तिला कळणार. बसून निजावं तरी कळणार. कुशीवर वळून बघितलं, उशी मानेखाली दुमडून बघितली. आणि तिला कळलं नाही तर? ती अशीच गाढ निजेल, त्यानंच नीज म्हणून सांगितलं म्हणून निजेल, आणि सकाळी उठेल. त्यापुढचं त्याच्यानं बघवेना. तिला हलवून जागं करावं, सगळं सांगावं, पाया पडावं तिच्या. पण आदल्या रात्रीच्या तारांनी त्यालाही नीट निजू दिलं नव्हतं, अंग जड होत चाललं होतं, जीभ तोंडात मागं मागं सरकत असल्याचं त्याला आता आतून कळत होतं. भंगारवाल्याचा आवाज लांब गेला. डोळे मिटायला लागले तेव्हा त्यानं तिला उठवायला हात उचलला, तिच्या पाठीपर्यंत नेला, आणि मग तसाच खाली गादीवर ठेवला.